प्रश्नपत्रिकेतील तुळई आणि आटपाडीचे माळवद

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, नाटकांची येतात. प्रश्नपत्रिकेचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक आपणा शिक्षकांच्या हाताखालून जेवढ्या प्रश्नपत्रिका जातात तेवढी पुस्तकेही जात नसतील. विद्यार्थ्याने काय शिकायचे हे अभ्यासक्रम ठरवतो असे आपण म्हणतो खरे, पण शेवटी तो शिकतो ते प्रश्नपत्रिकेला विचारून. म्हणून या लेखात दोन प्रकारच्या प्रश्नपत्रिकांचे परीक्षण करायचे योजले आहे. दोन्ही एकाच विषयाच्या आहेत. इमारत उभी कशी राहील हे ज्याने ठरवायचे, त्या माणसाची त्या पारख करतात.

निमित्त असे घडले. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी आटपाडीला आला होता. दहावीनंतर त्याने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, मग नोकरी करता करता ए. एम. आय. ई. आणि पुढे एम. टेक. केले. आता तो पुण्यात एका सल्लागार कचेरीत इमारतींचे आरसीसी डिझाइन करतो आणि लंडनच्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स' या संस्थेच्या सभासदत्वाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. ही संस्था १९०८ साली 'काँक्रीट इन्स्टिट्यूट' म्हणून स्थापन झाली आणि १९२२ साली तिने आजचे नाव घेतले. परदेशातील कामात स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जायचे तर हे सभासदत्व उपयोगी पडते. "दोनदा फॉर्म भरायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला, सर," तो म्हणाला. "आकडेमोड येते. तरी हा पेपर समोर घेतला की हात थांबतो." जाताना तो जुन्या प्रश्नपत्रिकांचे दोन गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवून गेला. एक आपल्याकडच्या पदवीच्या व ए. एम. आय. ई.च्या पेपरांचा, दुसरा लंडनच्या.

गठ्ठे उघडण्यापूर्वी आपल्याकडची व्यवस्था थोडक्यात सांगायला हवी. महाराष्ट्रात संरचना अभियंता म्हणून महापालिकेचा परवाना मिळवण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा तिच्याशी समकक्ष सभासदत्व आणि संरचनेच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षे, डॉक्टरेट असेल तर एक वर्ष पुरते. वेगळी लेखी परीक्षा नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ साली केंद्रीय कायदा झाला. अभियंत्यांच्या वाट्याला तसा देशव्यापी कायदा पुढच्या पन्नास वर्षांत आला नाही. याचा अर्थ, आपल्याकडे पदवीचा पेपर हाच व्यवहारात परवान्याचाही पेपर ठरतो. त्यापुढचे सारे अनुभवाच्या दाखल्यावर. म्हणून या दोन गठ्ठ्यांची तुलना अन्यायाची होणार नाही असे मला वाटते.

ए. एम. आय. ई.बद्दल एक शब्द आदराने लिहिला पाहिजे. १९२० साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' या संस्थेची ही परीक्षा. दिवसभर साइटवर उभे राहायचे आणि रात्री भाड्याच्या खोलीत पुस्तक उघडायचे, अशा हजारो ओव्हरसीअर मंडळींना तिने पदवीच्या पंगतीत बसवले. ३१ मे २०१३पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच केंद्र सरकारची पदवी-समकक्ष मान्यता राहिली, तेव्हापासून आटपाडीसारख्या गावातल्या पदविकाधारकाची एक वाट अरुंद झाली. माझा विद्यार्थी त्या तारखेच्या आधी आत शिरलेला.

आता पहिला गठ्ठा. त्यातला नेहमीचा प्रश्न साधारण असा असतो: खोली ३ मीटर × ४ मीटर, भिंतींची जाडी २३० मिलिमीटर, चल भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, काँक्रीट एम २०, पोलाद एफई ४१५, स्लॅबचे डिझाइन करा. (एम २० म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी ज्याचा घन चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतो ते काँक्रीट. एफई ४१५ म्हणजे चौरस मिलिमीटरला ४१५ न्यूटन ताणापर्यंत टिकून मग कायमची लांबणारी सळई. बाजारात आता बहुतेक ठिकाणी एफई ५०० आणि त्यावरचीच मिळते. प्रश्नपत्रिका अजून ४१५वर खूश आहे.) विद्यार्थी भार काढतो, बेंडिंग मोमेंट काढतो, जाडी तपासतो, सळ्यांचे अंतर काढतो, आकृती काढतो. पंधरा-वीस गुण.

हा प्रश्न वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला हे येत नाही त्याने इमारतीच्या वाटेला जाऊ नये. 'एस. पी. १६' या १९८० साली निघालेल्या आलेखांच्या पुस्तकाने तर ही आकडेमोड इतकी सुटसुटीत केली की चांगल्या विद्यार्थ्याचा वेळ विचारासाठी मोकळा व्हावा. तसे झाले नाही. मोकळा झालेला वेळ आणखी दोन उदाहरणे सोडवण्यात गेला. पुनमिया, रामामृतम् यांची जाडजूड पुस्तके पिढ्यान्पिढ्या याच कामी आली. त्यांतली सोडवलेली उदाहरणे पाठ करून पास झालेले माझ्या ओळखीचेच बरेच आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. प्रश्नात दिलेला प्रत्येक आकडा हा मुळात एक निर्णय असतो. भिंत २३० मिलिमीटर असे म्हणताना ती भिंत कशाची आहे, भार घ्यायला ती लायक आहे काय, तिच्याखाली पाया आहे की नुसती काळी माती, हे सारे कोणीतरी पाहिलेले असते. प्रश्न काढणाऱ्याने ते पाहून टाकले आणि विद्यार्थ्याच्या हाती फक्त हिशेब दिला. चार वर्षे असे हिशेब करणाऱ्याला वाटू लागते की घरे आकडे घेऊनच जन्माला येतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रोगाचे नाव आधी सांगून फक्त गोळीचे प्रमाण विचारावे, तसे हे झाले.

दोन साध्या गोष्टी घेऊ. छज्जाला वरच्या बाजूने ताण येतो, म्हणून त्याची मुख्य सळई वर असते. हे आठवीच्या मुलालाही खोडरबर वाकवून दाखवता येईल: रबराला वरून ब्लेडने हलकी चीर द्या, एक टोक बाकाला दाबून धरा आणि दुसरे खाली वाकवा, चीर उघडते. आता १०० मिलिमीटर जाडीचा छज्जा घ्या. वरून २० मिलिमीटर कव्हर सोडून ८ मिलिमीटरची सळई बसवली की खालच्या कडेपासून तिचे अंतर ७६ मिलिमीटर राहते. स्लॅब ओतताना घमेलेवाले सळईवरून चालतात. ती ३८ मिलिमीटर खाली दबली तर अंतर निम्मे झाले, आणि छज्जाची ताकदही निम्म्यावर आली. कागदावरचे डिझाइन जसेच्या तसे बरोबर आहे! हा प्रश्न पेपरात कसा विचारायचा? विचारता येतो: 'खुर्च्या न लावता सळई बांधली आहे, ओतण्याची परवानगी द्याल काय, आणि का?' पहिल्या गठ्ठ्यात असा एकही प्रश्न मला सापडला नाही.

दुसरी गोष्ट कॉलमच्या रिंगांची. रिंगेचे टोक ९० अंशांत वाकवणे फिटरला सोपे जाते. भूकंपासाठीच्या 'आय. एस. १३९२०' या मानकात ते १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात शिरेल असे वाकवायला सांगितले आहे. कारण सोपे आहे. हादऱ्यात वरचे काँक्रीट गळून पडते. ९० अंशांचे टोक मग मोकळे होऊन उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. १३५ अंशांचे टोक आतल्या काँक्रीटने धरून ठेवलेले असते. ४५ अंशांचा फरक. उत्तरपत्रिकेतल्या आकृतीत तो दिसतो तरी कितपत? बहुतेक विद्यार्थी रिंग म्हणून एक बंद चौकोन काढतात आणि पूर्ण गुण मिळवतात.

हे मानक १९९३ सालचे. त्याच वर्षी मातीच्या घरांसाठी 'आय. एस. १३८२७' आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी 'आय. एस. १३८२८' ही मानकेही निघाली. आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. भूकंपविषयक मानकाच्या १९८४च्या आवृत्तीतील नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. त्या विभागाचा मूळ आडवा भूकंप-गुणांक होता ०.०१. म्हणजे सप्टेंबर १९९३पूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने किल्लारीतील इमारतीचे उदाहरण सोडवले असते, तर ०.०१ लिहून त्याला पूर्ण गुण पडले असते. २००२च्या आवृत्तीत पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

आमच्या पश्चिमेला, सातारा जिल्ह्यात, याआधी असेच घडले होते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा हादरा आटपाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी ऐकला आहे. कोयना धरणाचे डिझाइन ०.०५ हा गुणांक धरून झाले होते; त्या दिवशी धरणातल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेत गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे त्वरण नोंदवले. या दोन राशी तंतोतंत एकच नव्हेत, त्यामुळे भागाकार करून 'दहापट चूक' असे कोणी म्हणू नये. धरण उभे राहिले, वरच्या भागात तडे गेले आणि पुढे ते मजबूत करण्यात आले. पण तक्त्यातला आकडा ही निसर्गाने दिलेली हमी नसते, एवढे तरी विद्यार्थ्याला यातून कळायला हवे. पेपर त्याला उलटे शिकवतो: तक्ता पाहा, आकडा घ्या, पुढे चला.

आता दुसरा गठ्ठा. कित्येक दशके ही लंडनची परीक्षा सात तासांची होती. पाच प्रश्नांतून एकच निवडायचा. पुस्तके, मानके, स्वतःच्या वह्या, काय हवे ते बरोबर न्या. प्रश्नात दिलेले असते ते मालकाचे म्हणणे: अमुक जागा आहे, जमीन खणल्यावर असे थर लागले, मला इतक्या मापाचे सभागृह हवे, मधे खांब नकोत, या बाजूला काच हवी. बस्स. यावर उमेदवाराने एकमेकांपासून खरोखर वेगळ्या अशा दोन योजना मांडायच्या, प्रत्येकीत भार छपरापासून जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातो व वाऱ्याच्या रेट्याला इमारत कशी उभी राहते हे सांगायचे, आणि त्यांतली एक निवडून कारण द्यायचे. याला ४० गुण. मग मालकाचा विचार बदलतो, आणि त्या बदलाने काय काय होईल हे समजावणारे पत्र मालकाला लिहायचे, १० गुण. निवडलेल्या योजनेची आकडेमोड २०, आकृत्या २०, आणि बांधायचे कोणत्या क्रमाने, त्यात कोणाचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून काय करायचे, याला १०.

शंभरांत आकडेमोडीला वीस! माझ्या विद्यार्थ्याचा हात का थांबत होता ते मला येथे कळले. ज्यावर त्याने आयुष्यभर गुण मिळवले, ते येथे पाचव्या हिश्शाचे ठरले होते.

तरी या पेपरावर भाळून जायचे कारण नाही. शेकडो उत्तरपत्रिका अशा तऱ्हेने तपासायला मुरलेले अभियंतेच परीक्षक हवेत. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेला ते कोठून आणायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मोठ्या कचेरीत, अनुभवी माणसांच्या शेजारी बसून काम करणाऱ्याला तो सोपा जातो. एकट्याने साइट सांभाळणाऱ्याला अवघड. आणि त्यातली घरे आपली नाहीत. पोलादी सांगाडे, काचेच्या भिंती, नदीकाठचे पादचारी पूल. माळवद त्यात येणार नाही. प्रामाणिकपणाची परीक्षा तर दोन्ही पेपर घेत नाहीत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. ती बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. अशा बातमीनंतर आपण 'परीक्षा कडक करा' म्हणतो. कडक म्हणजे काय? अधिक कठीण मोमेंट काढायला लावणे?

यावर नुसते बोलत बसण्यापेक्षा मी त्याला एक प्रश्न काढून दिला. आटपाडीतलाच, त्याच्या घरचा.

आमच्या भागातली बरीच माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्याचे चुलतेही कोईमतूरला असतात. गावातल्या घराच्या मागच्या खोलीवरचे माळवद काढून, आहे त्याच दगडी भिंतींवर स्लॅब टाकायचा आणि पुढेमागे वर एक खोली चढवायची, असा त्यांचा बेत. त्या खोलीत आजी झोपते. मी म्हटले, "लंडनचा मालक राहू दे. आप्पांना मराठीत पत्र लिही. एक पान."

पहिला मसुदा दुसऱ्या दिवशी आला. त्यात लिहिले होते की स्लॅबचे वजन जुन्या भिंतींना पेलणार नाही. मी त्याच्यासमोरच हिशेब मांडला. हा हिशेब नववीच्या वर्गातही करता येईल. लोखंडी गज खुपसून मोजल्यावर माळवदाची माती ५० सेंटिमीटर भरली. गळले की वर पांढऱ्या मातीचा नवा थर, असे वर्षानुवर्षे चाललेले. घनमीटरला १६०० किलो धरले तरी चौरस मीटरला ८०० किलो होतात. साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब, घनमीटरला २५०० किलो धरून, चौरस मीटरला ३१२ किलो. वर कोबा-फरशी धरून चारशेच्या आसपास. नवे छप्पर जुन्याच्या निम्मे हलके! एम. टेक. झालेला मुलगा गप्प झाला. बेत वाईट आहे हे त्याला बरोबर जाणवले होते, पण त्याचे कारण त्याने न पाहताच लिहिले होते.

मग आम्ही दोघे त्या खोलीत जाऊन नुसते उभे राहिलो. भिंती दोन फूट जाडीच्या, मातीत बसवलेल्या दगडांच्या. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मधे कपच्या आणि चिखल. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचित. आणि भिंतीला लगटून, काही ठिकाणी अर्धे बुजलेले, लाकडी खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, पाला आणि माती. तो बराच वेळ वर पाहत होता. मग म्हणाला, "सर, हे छप्पर भिंतीवर नाहीच. खणावर आहे."

हेच ते. ८०० किलोचा भार तुळईतून खांबात आणि खांबातून खालच्या दगडात जात होता. भिंत फक्त स्वतःला सांभाळत होती. खांब काढून तिच्यावर स्लॅब ठेवला की निम्माच का होईना, पण आजवर कधीच न घेतलेला भार त्या दोन सुट्या पदरांवर येणार, आणि वर खोली चढली की तो वाढत जाणार. किल्लारी परिसरातही काही घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या, असे भूकंपानंतर दिसले होते. भार किती, हा पहिल्या गठ्ठ्यातला प्रश्न. तो कोणत्या वाटेने जातो, हा दुसऱ्यातला. आटपाडीच्या खोलीत दोन्ही लागले, पण उलट्या क्रमाने.

आहे ते माळवद सुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही. भूकंपात जमीन सरकते आणि छप्पर जडत्वामुळे जागीच राहू पाहते. ३ मीटर × ४ मीटर खोलीवर ९६०० किलो माती आहे. वजनाचा फक्त दहावा हिस्सा आडवा रेटा धरला तरी तो सुमारे एक टन वजनाइतका होतो, आणि त्याला अडवायला खांब-तुळईचे साधे खाचेतले सांधे. हे त्याने पत्राच्या दुसऱ्या मसुद्यात लिहिले. तिसऱ्या मसुद्यातून 'लोड', 'शिअर', 'स्टॅबिलिटी' हे शब्द गेले. चौथ्यात पहिलेच वाक्य असे आले: आप्पा, या भिंतींवर स्लॅब टाकू नका. वर खोली हवीच असेल तर पायापासून नवे बांधावे लागेल, त्याचा अंदाजे खर्चही त्याने लिहिला. 'नको' हा शब्द वडीलधाऱ्या माणसाला, त्याच्याच पैशाबद्दल, लिहिण्यात त्याची एक अख्खी संध्याकाळ गेली.

दोन दिवसांनी चुलत्यांचा फोन आला. नव्या बांधकामाचा आकडा त्यांना पसंत पडला नाही. रागावलेही होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "मग वरली माती थोडी उतरवली तर चालंल का?"

प्रश्न चांगला होता. २० सेंटिमीटर माती ठेवून, खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून पाण्याचा उतार नीट काढला तर गळतीही थांबते आणि साठ टक्के वजन कमी होते. माती एका बाजूने न उकरता सगळीकडून सारखी उतरवायची, एवढी सूचना त्याने गड्यांना दिली आणि स्वतः वर उभा राहिला. आजी दोन रात्री पुढच्या सोप्यात झोपली. खाली आलेली माती सव्वा ब्रास भरली, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टन. परसातल्या डाळिंबांच्या आळ्यांना ती कामी आली. पुण्याला परत जाण्यापूर्वी त्याने लंडनचा फॉर्म माझ्या टेबलावर बसून भरला.